बारदान वजा केलं का?

पौडच्या आमच्या खालूंची भाताची गिरणी होती. मुळशीचा आंबेमोहोर आणि इंद्रायणी काट्यावर चढवायचा, साळीचा तांदूळ करून द्यायचा, यात त्यांची चाळीस वर्षे गेली. मालाचे वजन करताना ते दोन गोष्टी कधीच चुकवत नसत. काटा आधी शून्यावर आहे का बघायचे, आणि पोत्याचे वजन, म्हणजे बारदान, मालातून वजा करायचे. ‘मापात पाप नको’ हे वाक्य आपण म्हण म्हणून वापरतो. खालूंसाठी तो धंद्याचा आणि ईमानाचा प्रश्न होता.

दोन वर्षांपूर्वी खालाला स्तनाचा कॅन्सर निघाला. पहिल्या केमोच्या दिवशी नर्सबाईंनी तिला काट्यावर उभे केले. अंगावर बुरखा, पायात चपला, हातात फायलींची पिशवी. काटा म्हणाला ५४ किलो. नर्सबाईंनी आकडा लिहून घेतला. ‘‘मावशी, उंची किती?’’ खाला गोंधळली. आयुष्यात तिची उंची कोणी मोजली नव्हती. शेवटी भिंतीवरच्या पट्टीला टेकवून मोजली, १५० सेंटिमीटर भरली. खालू शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या कानात विचारले, ‘‘बारदान वजा केलं का रे?’’

मी हसलो. म्हणालो, ‘‘खालू, हा काय तांदूळ आहे?’’ पुढच्या तीन महिन्यांत माझे हसू जिरले. या लेखाचा विषय तोच आहे. केमोथेरपीचे औषध माणसाच्या आकारमानावर का मोजतात, ते माप कितपत खरे आहे आणि आपल्यासारख्यांनी त्याबद्दल काय मागितले पाहिजे?

नऊ माणसांचे सूत्र

तापाची गोळी बारीक बाईला आणि धिप्पाड पैलवानाला सहसा एकच मिळते. केमोचे तसे नाही. बहुतेक केमो औषधांचा डोस ‘प्रति चौरस मीटर इतके मिलिग्रॅम’ असा लिहिलेला असतो. हे चौरस मीटर म्हणजे रुग्णाच्या शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. दवाखान्यात त्याला ‘बीएसए’ म्हणतात. ते कोणी कातडी पसरून मोजत नाही, उंची आणि वजनावरून काढतात. १९८७ मध्ये मोस्टेलर यांनी दिलेले सूत्र सगळ्यात सोपे आहे. सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतले वजन, भागिले ३६००, आणि आलेल्या उत्तराचे वर्गमूळ.

खालाचा हिशेब पाहा. १५० गुणिले ५४ म्हणजे ८१००. त्याला ३६०० ने भागले की सव्वादोन, आणि सव्वादोनचे वर्गमूळ दीड. म्हणजे खाला दीड चौरस मीटरची. तिला द्यायचे होते डॉक्सोरुबिसिन, ते लाल रंगाचे औषध. त्याचा नेहमीचा डोस चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे तिला ९० मिलिग्रॅम. सोबत सायक्लोफॉस्फामाइड चौरस मीटरला ६००, म्हणजे ९०० मिलिग्रॅम. शाळेत गणित शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे बघून बरे वाटले. सगळे कसे चोख, दशांश चिन्हापर्यंत.

मग मी या सूत्राचे मूळ शोधायला गेलो आणि चोखपणाचा भ्रम उतरू लागला. उंची-वजनावरून क्षेत्रफळ काढण्याचे सर्वाधिक गाजलेले सूत्र न्यूयॉर्कमधल्या ड्यू बॉइस आणि ड्यू बॉइस या दोघांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. ते उभे होते अवघ्या नऊ माणसांच्या मोजमापांवर. त्यांच्या अंगाचे कागदी साचे करून क्षेत्रफळ काढले गेले. आणि त्यांचा हेतू औषध मोजण्याचा नव्हताच. शरीर किती उष्णता खर्च करते, याचा अभ्यास त्यांना करायचा होता.

केमोमध्ये हे माप आले १९५८ मध्ये. डोनाल्ड पिंकेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने उंदीर, लहान मुले आणि मोठी माणसे यांना दिल्या जाणाऱ्या कॅन्सरच्या औषधांचे डोस ताडून पाहिले. किलोमागे मोजले तर ते जुळत नव्हते, चौरस मीटरमागे मोजले तर बऱ्यापैकी जुळत होते. १९६६ मध्ये फ्रायराइक आणि सहकाऱ्यांनी उंदरापासून माकडापर्यंतचे प्राणी आणि माणूस अशी तुलना करून तेच दाखवले. उंदरावर तपासलेले औषध माणसाला पहिल्यांदा किती द्यावे, हे ठरवायला त्याचा मोठा उपयोग झाला. लहान मुलांसाठीही झाला. ते काम मोलाचेच होते.

पण उंदीर आणि माणूस यांच्यातला फरक वेगळा, आणि पौडची खाला आणि पिरंगुटची तिची जाऊ यांच्यातला फरक वेगळा. उंदरापासून माणसापर्यंत जाण्यासाठी बांधलेला पूल एका मोठ्या माणसापासून दुसऱ्या मोठ्या माणसापर्यंत जायलाही तसाच वापरला गेला. तिथे तो पोचतो की नाही, हे बराच काळ कोणी नीट तपासले नाही.

काट्याला आतले दिसत नाही

तपासले गेले तेव्हा उत्तर सोयीचे आले नाही. १९९१ ते २००१ या काळात मोठ्यांमध्ये चाचणी झालेल्या ३३ कॅन्सर औषधांचा आढावा शॅरिन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. क्षेत्रफळावर डोस मोजल्यामुळे माणसामाणसातला औषधाच्या प्रमाणाचा फरक खरोखर कमी होतो का, हा प्रश्न होता. ३३ पैकी फक्त ५ औषधांच्या बाबतीत तो कमी झाला. त्याआधी, १९९८ मध्ये, शिकागोच्या मार्क रॅटेन यांनी तर थेट विचारले होते की हे विज्ञान आहे, दंतकथा आहे की नुसती सवय?

कारण समजायला अवघड नाही. औषध रक्तात किती वेळ आणि किती प्रमाणात राहणार, हे ठरवतात यकृत आणि मूत्रपिंडे. एकाच उंचीच्या, एकाच वजनाच्या दोन बायकांची यकृते वेगवेगळ्या वेगाने काम करतात. सारखाच डोस देऊनही एकीच्या रक्तात दुसरीच्या कितीतरी पट औषध राहू शकते. एकीला नुसती मळमळ होते, दुसरीच्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. काट्याला यातले काहीच दिसत नाही.

सर्वात ठळक उदाहरण म्हणजे ५-एफयू आणि त्याची गोळी, कॅपेसिटाबिन. पोटाच्या, आतड्याच्या आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती आपल्याकडे भरपूर वापरली जातात. ही औषधे शरीरात मोडण्याचे काम डीपीडी नावाचे एक विकर करते. काही थोड्या लोकांमध्ये जन्मतःच ते फार कमी असते. अशा माणसाला सूत्राप्रमाणे ‘बरोबर’ डोस दिला, तरी तो त्याच्यासाठी जीवघेणा ठरू शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये या औषधांआधी डीपीडीची तपासणी करण्याची शिफारस केली. आपल्याकडे ती अजून सर्रास होत नाही. काट्यावर मात्र प्रत्येकाला चढवले जाते.

कार्बोप्लाटिनचा अनुभव उलट आणि आशा देणारा आहे. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांतून बाहेर पडते. म्हणून १९८९ मध्ये कॅल्व्हर्ट यांनी क्षेत्रफळ बाजूला ठेवून मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगावर डोस बांधला. जगभर आज तेच सूत्र वापरतात. पण इथेही आपली परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. गाळण्याचा वेग बहुधा रक्तातल्या क्रिएटिनिनवरून अंदाजाने काढतात, आणि क्रिएटिनिन येते स्नायूंतून. भातलावणीत आयुष्य काढलेल्या, हाडाला कातडी लागलेल्या म्हातारीच्या अंगात स्नायूच उरलेले नसतात. तिचा आकडा कमी येतो आणि कागदावर मूत्रपिंडे ठणठणीत दिसतात. डॉक्टरने म्हातारीकडे न बघता फक्त कागदाकडे पाहिले, तर डोस जास्त जातो.

सहा आणि चार

आता खालाकडे येतो. दुसऱ्या केमोनंतर तिच्या तोंडात फोड आले, भाकरी गिळवेना. तिसऱ्यानंतर ताप आला, भरती करावे लागले, पुढची तारीख लांबली. मधेच रमजान आला. खालाने रोजे धरायचा हट्ट केला. आजाऱ्याला सूट आहे हे तिला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते, पण साठ वर्षांची सवय सुटत नव्हती. पाण्याविना राहिलीस तर औषध मूत्रपिंडांना झेपणार नाही, असे डॉक्टरांनी बसून समजावले, तेव्हा ती ऐकली. तरी वजन उतरत गेले.

चौथ्या केमोला काटा ४६ दाखवत होता. वजन घेणाऱ्या मुलाने ते मोठ्याने सांगितले, दुसऱ्या मुलाने लिहून घेतले. मराठीत आपण ‘शेहेचाळीस’ म्हणतो. सहा आधी, चाळीस नंतर. लिहिणाऱ्याच्या हातून सहा आधी पडला आणि कागदावर ६४ झाले. कोणालाच काही खटकले नाही. संगणकाने मुकाट ६४ वर हिशेब केला. १.६३ चौरस मीटर, डॉक्सोरुबिसिन ९८ मिलिग्रॅम. खऱ्या वजनावर यायला हवे होते १.३८ चौरस मीटर आणि ८३ मिलिग्रॅम. जवळजवळ १८ टक्के जास्त, तेही नुकत्याच तापातून उठलेल्या बाईला.

ते पकडले खालूंनी. डोळ्याला चष्मा लावून त्यांनी कागद वाचला आणि नर्सबाईंना म्हणाले, ‘‘ताई, माल निम्मा झालाय आणि वजन दहा किलोनं वाढलंय, असं कसं?’’ नर्सबाई चपापल्या. पुन्हा वजन झाले, या वेळी बुरखा आणि चपला काढून. आकडा दुरुस्त झाला. मग डॉक्टर आले, त्यांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, तोंडाचे फोड आणि ताप यांबद्दल पुन्हा विचारले आणि ८३ वरूनही डोस थोडा खाली आणला. मी विचारले, ‘‘सूत्र तर ८३ म्हणतंय ना?’’ ते म्हणाले, ‘‘सूत्र पहिल्या दिवसासाठी. त्यानंतर पेशंटचं शरीर सांगतं ते ऐकायचं.’’

मी त्या दवाखान्याचे नाव घेणार नाही. चूक कुठेही झाली असती, आणि ज्यांनी केली त्याच लोकांनी माझ्या खालाला वाचवले आहे. पण दोन गोष्टी मी शिकलो. पहिली म्हणजे बुरख्या-चपलांच्या दीड किलोने डोसमध्ये जेमतेम सव्वा मिलिग्रॅमचा फरक पडतो. सूत्रात वर्गमूळ असल्यामुळे बारीक चुका त्यात विरघळतात. बारदानाची काळजी खालूंनी केली ती तत्त्वाने बरोबर, पण खरा धोका तिथे नव्हता. धोका उलटलेल्या आकड्यात होता, आणि खालाचे शरीर औषध कसे पचवते हे कोणी ऐकते की नाही, यात होता. दुसरी गोष्ट म्हणजे दशांश चिन्हे दिसली की आपण प्रश्न विचारणे थांबवतो.

मग माप फेकून द्यायचे का?

नाही. आणि इथे मला सावध बोलायला हवे, कारण हे वाचून कोणी डॉक्टरांना ‘डोस कमी करा’ म्हणत सुटेल. ते धोक्याचे आहे. बरा होऊ शकणारा कॅन्सर असताना विनाकारण डोस कमी केला, तर कॅन्सरच जगतो. जाड रुग्णांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षे घडले. क्षेत्रफळ फार मोठे येते म्हणून भीतीपोटी त्यांचा डोस दोन चौरस मीटरवरच थांबवला जाई. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेला २०१२ मध्ये स्पष्ट सांगावे लागले की जाड माणसालाही खऱ्या वजनावर पूर्ण डोस द्या. सूत्र अपुरे आहे म्हणून अंदाजपंचे चालत नाही. त्याच्या जागी अधिक चांगले काही हवे.

सगळ्यांना एकच ठरलेला डोस, हाही मार्ग आहे. इमॅटिनिबची गोळी बहुतेकांना रोज ४०० मिलिग्रॅमच असते. पण या मार्गात कोणाचा फायदा बघितला जातो, हेही पाहायला हवे. पेम्ब्रोलिझुमॅब हे महागडे इम्युनोथेरपीचे औषध २०१४ मध्ये आले, तेव्हा डोस किलोमागे २ मिलिग्रॅम होता. पुढे तो सरसकट २०० मिलिग्रॅम झाला. ५४ किलोच्या बाईला जुन्या मापाने १०८ मिलिग्रॅम पुरले असते. म्हणजे लहानखुऱ्या अंगाच्या, गरीब देशातल्या बाईने जवळजवळ दुप्पट औषध विकत घ्यायचे. मापाचा आणि खिशाचा संबंध इथे उघडा पडतो.

आणि याच ठिकाणी आपल्या महाराष्ट्रात झालेले एक काम अभिमानाने सांगितले पाहिजे. मुंबईच्या परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल. मुळशीकरांचे टाटा या नावाशी जुने नाते आहे. याच नावाच्या धरणात आमच्या खोऱ्यातली गावे बुडाली, सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह उभा केला. आणि आज खोऱ्यातला कॅन्सरचा पेशंट पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक करत त्याच नावाच्या दवाखान्याची वाट धरतो. तिथल्या डॉक्टरांनी तोंडाच्या आणि घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरवर प्रश्न उलटा विचारला. निव्होलुमॅब हे औषध दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम देतात, ते आमच्या पेशंटला परवडत नाही. मग दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिले तर? १५१ रुग्णांवर चाचणी झाली. सर्वांना स्वस्त गोळ्यांचा कमी डोसचा उपचार होता, निम्म्यांना त्याशिवाय हे २० मिलिग्रॅम मिळाले. वर्षभराने नुसत्या गोळ्यांवरचे सुमारे १६ टक्के रुग्ण हयात होते, तर निव्होलुमॅब मिळालेले सुमारे ४३ टक्के. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास जगातल्या नामांकित नियतकालिकात छापून आला.

या अभ्यासात पूर्ण डोसशी तुलना नव्हती, त्यामुळे २० मिलिग्रॅम २४० इतकेच गुणकारी आहे असे म्हणता येणार नाही. पण ज्याला २४० कधीच मिळणार नव्हते, त्याच्यासाठी तुलना शून्याशी आहे. अशी चाचणी औषध कंपनी सहसा करणार नाही. आपले औषध कमी विकले जावे म्हणून पैसे कोण घालेल? ते काम सरकारी आणि सार्वजनिक संस्थांनीच करायचे असते.

काय मागायचे?

सरकारकडे माझे मागणे साधे आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमोचा खर्च मिळतो, त्याने हजारो घरे वाचली आहेत. २०१९ मध्ये ४२ कॅन्सर औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा आली, तेही चांगले झाले. आता औषधाच्या किमतीबरोबर मापाकडेही बघा. ५-एफयू आणि कॅपेसिटाबिनच्या आधीची डीपीडी तपासणी योजनेत आणा. केमो देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी डोस दुसऱ्यांदा तपासणारा प्रशिक्षित औषधनिर्माता असलाच पाहिजे. मागच्या वेळेपेक्षा वजन दहा टक्क्यांहून जास्त बदलले, तर संगणकाने अडवून विचारले पाहिजे. खालाच्या बाबतीत हे काम गिरणीवाल्या नवऱ्याने केले. प्रत्येक बाईला असा नवरा नसतो.

आणि घरच्यांना, म्हणजे तुम्हाला-मला. उंची एकदा नीट मोजून घ्या. वजन दर केमोला करा, चपला, बुरखा, शाल, स्वेटर काढून, आणि आकडा स्वतःच्या वहीतही लिहा. कमी वजन सांगितले तर डॉक्टर केमो थांबवतील या भीतीने आपल्या बायका खोटे बोलतात. ते करू देऊ नका. ‘बीएसए किती आला, डोस किती आहे’ हे विचारायला लाजू नका. मागच्या केमोनंतर काय काय झाले, फोड, जुलाब, ताप, सगळे सांगा. घरचा काढा, हकिमाचा नुस्खा चालू असेल तर तोही सांगा. केमो चालू असताना ताप आला, तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि स्वतःच्या मनाने एक गोळीही कमी-जास्त करू नका.

आपल्या समाजात डॉक्टरला प्रश्न विचारणे उद्धटपणा समजतात. शिकलेलाही गप्प बसतो, मग साठीची बाई काय बोलणार? खालूंनी प्रश्न विचारला, कारण काट्याच्या पलीकडे काय काय चुकू शकते, हे त्यांनी चाळीस वर्षे पाहिले होते.

खालाची केमो संपली, ऑपरेशन आणि शेक झाले, आता रोजची गोळी चालू आहे. मागच्या महिन्यात तपासणीला गेलो. ती काट्यापाशी गेली, कोणी न सांगता चपला काढल्या, बुरखा काढून माझ्या हातात दिला आणि वर चढली. ५१ किलो. लिहिणाऱ्या मुलाला म्हणाली, ‘‘बेटा, पाच आधी लिही.’’